लेकीला नापास करायला निघालेला बाप

माझ्या मुलीची आणि जावयांची ओळख एका अक्कलदाढेमुळे झाली. मुलगी दातांची डॉक्टर. हे गृहस्थ तिच्या खुर्चीत आडवे झाले, तिने "आ करा" म्हटलं, यांनी आ केला आणि लगेच तोंड मिटून विचारलं, "डॉक्टर, प्रत्येक माणसाचा 'आ' वेगळा असतो, हे तुमच्या लक्षात आलंय का?"

"माझ्या लक्षात प्रत्येकाची कीड येते," मुलगी म्हणाली. "तोंड उघडा."

दाढ निघाली. पुढच्या आठवड्यात हे पुन्हा दारात. दवाखान्यात एक मायक्रोफोन लावू द्या म्हणे, येणाऱ्या-जाणाऱ्याचा 'आ' साठवायचाय. मुलीने साफ नकार दिला. मग तोंडात काढण्यासारखं काही शिल्लक नसतानाही ते येत राहिले, आणि शेवटी तिने लग्नालाच होकार दिला. तो प्रेमापोटी दिला की कंटाळून, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

जावई आवाजाचे संशोधक आहेत. गावाबाहेरच्या एका मोठ्या संस्थेत त्यांची खोली आहे. एकदा हौसेने पाहून आले. खिडकी नाही. भिंतींना अंड्यांच्या खोक्यासारखा खडबडीत फोम चिकटवलेला. मधे एक खुर्ची आणि एक मायक्रोफोन. तिथे टाळी वाजवली तर ती हातातल्या हातातच मरते. सारं आयुष्य मी मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवण्यात घालवलं. त्या खोलीत माझा आवाज माझ्या हनुवटीपर्यंत पोचेना. दोन मिनिटांत बाहेर आले. जावई मात्र तिथे दिवसभर सुखाने बसतात. मुलगी म्हणते, घरातून पळून जायला बायका माहेरी जातात, हा फोममध्ये जातो.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मुलीकडे राहायला आले (तिचा दवाखाना घरातल्याच एका खोलीत) आणि रोज सकाळी चहाला हा माणूस माझ्या वाट्याला आला. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना नुसती दिसत नाही, मोजावीशी वाटते.

"आई, तुमच्या वर्गात हुशार मूल तुम्ही कसं ओळखायचात?"

"ओळखायचे कुठे? पेपर तपासल्यावर कळायचं. तेही पुष्कळदा चुकीचं."

"पण काहीतरी खूण असेल."

"फळा पुसायला जो सगळ्यांत आधी धावायचा, तो हुशार नसायचा. एवढं खात्रीने सांगते."

ते गंभीरपणे मान हलवायचे. थट्टा केलेली त्यांना दुसऱ्या दिवशी कळते, आणि मग ते दुसऱ्या दिवशी हसतात. त्यामुळे आमच्या घरात सकाळी कोणी एकटंच हसत असेल तर आम्ही विचारत नाही.

"माणूस दुसऱ्यापेक्षा वेगळा असतो म्हणतात," असंही एकदा म्हणाले, "पण नेमका किती टक्के?"

"तू शंभर," दवाखान्याचा कोट चढवत मुलगी म्हणाली. "आता कप विसळ."

या दोघांची मुलगी म्हणजे माझी नात. तिचं पाळण्यातलं नाव चांगलं आहे, पण ती रडायला लागली त्या दिवसापासून शेजारीपाजारी तिला भोंगा म्हणतात, आणि आम्हीही. आता ती दहा वर्षांची आहे. भोंगाला गाण्याचं वेड आहे. वेड म्हणजे उठल्यापासून. दात घासताना गाते, बुटाची नाडी बांधताना गाते, रागावून खोलीचं दार आपटते आणि आत जाऊन गाते. आणि मी तिची आजी आहे तरी सांगते, ती फार वाईट गाते. सूर तिला सापडत नाही असं नाही. ती त्याच्या जवळपास जाते, त्याला पाहते आणि शेजारून निघून जाते. तेही पूर्ण आवाजात.

आमच्या गावात एक संगीतशाळा आहे, नावाजलेली. तिथे दरवर्षी मोजकीच मुलं घेतात आणि निवड एकटे मास्तर करतात. मास्तर म्हणजे सत्तरीचे, मफलर गुंडाळलेले गृहस्थ. गाणं ऐकताना डोळे मिटतात. ते तल्लीन होतात की झोपतात, याबद्दल पालकांत दोन तट आहेत. गेल्या वर्षी भोंगा त्यांच्यापुढे गायली. मास्तरांनी डोळे उघडले. म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू, बाळ." भोंगाने ते वाक्य शब्दशः घेतलं आणि वर्षभर दुप्पट गायली.

मास्तरांच्या निवडीबद्दल तक्रारी फार. डॉक्टरांची पोरं घेतात, गोरी पोरं घेतात, वेळेवर येणारी घेतात. तक्रारींना वैतागून शाळेच्या विश्वस्तांनी जावयांच्या संस्थेला विचारलं, की गळा पारखणारं एखादं यंत्र होईल का? संस्थेच्या संचालकबाई अशा संधीची वाटच बघत होत्या. तशा यंत्रावर जावयांचं काम तीन वर्षांपासून चाललंच होतं. त्यांनी हजारो मुलांना त्या फोमच्या खोलीत गायला लावलं होतं. जाणकारांनी ते ऐकून 'योग्य' किंवा 'अयोग्य' असा शेरा मारायचा आणि यंत्राने ते सगळं पचवून स्वतः कान तयार करायचा, अशी रीत. मूल गायलं की पडद्यावर शंभरपैकी गुण येतात. वशिला नाही, मफलर नाही.

भोंगाने यंत्रापुढे गायचं की नाही, यावर जावई अडखळले होते. "माझीच मुलगी आणि माझंच यंत्र, बरं दिसत नाही."

संचालकबाई हसल्या म्हणे. "अहो, यंत्राला नातीगोती कळत नाहीत. तेच तर त्याचं मोठेपण."

भोंगाला शहाण्णव गुण मिळाले. सगळ्या मुलांत पहिली.

त्या दिवशी भोंगा घरी आली ती दारातूनच ओरडत. मुलीने दवाखान्यातला पेशंट तोंड उघडा ठेवून तसाच सोडला आणि धावत आली. मी भोंगाचे मुके घेतले. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "मी म्हणतच होते, आवाजात काहीतरी आहे." त्या वर्षभर काय म्हणत होत्या ते आम्हाला भिंतीतून ऐकू यायचं, पण आनंदाच्या वेळी कोण काढतो. भोंगाने जाहीर केलं, "यापुढे मला कोणी भोंगा म्हणायचं नाही."

एकटे जावई खुर्चीत बसून होते. चेहरा असा, की कोणी गेलंय.

"जावईबापू, लेक पहिली आली. हसा की. उद्याची वाट कशाला बघता?"

"आई," ते हळूच म्हणाले, "तुम्हीच सांगा. ही शहाण्णव गुणांचं गाते?"

मी चहाचा कप तोंडाला लावला. घोट घेईपर्यंत उत्तर द्यावं लागत नाही.

"आणि खालच्या वायरमनची लेक," ते म्हणाले, "तिला एकतीस."

आता मात्र मी कप ठेवला. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वायरमन राहतो. त्याची मुलगी भोंगाच्याच वयाची, तिची जिवाभावाची मैत्रीण. त्या पोरीचा आवाज जाड, घोगरा, एखाद्या मोठ्या बाईचा असावा तसा. जिन्यात बसून ती गुणगुणली तर वर जाणारी माणसं पिशव्या खाली ठेवून थांबतात. विजेचं बिल वाटणारा माणूससुद्धा थांबतो, आणि तो तर पुढच्या इमारतीला उशीर झाला म्हणून कायम कावलेला असतो. त्या पोरीला एकतीस!

पुढचे दोन दिवस जावयांनी घरात यंत्राची तपासणी केली. संगणक जेवणाच्या टेबलावर, मायक्रोफोन बरणीला टेकवलेला. मला गायला लावलं, मला बावीस गुण. खरं म्हणजे ते योग्यच होते, पण मी दिवसभर बोलले नाही. मग शेजारच्या खोलीत मुलीने कोणाच्या तरी दाताला भोक पाडायला घेतलं, आणि पडद्यावर आकडा चढत चढत गेला तो पंच्याऐंशीवर थांबला.

जावई उठून दवाखान्याच्या दारात गेले. "हे पुन्हा कर."

"काय?"

"ड्रिल. पुन्हा चालव."

"अरे, माणूस आहे खाली!" मास्कमधून मुलगी म्हणाली. पण तिने हवेत चालवून दाखवलं. पुन्हा पंच्याऐंशी. "बघितलंत?" ती पेशंटला म्हणाली. "माझं ड्रिल मेरिटमध्ये आलं." पेशंट हसला, आणि त्याच्या तोंडातला कापूस उडाला.

दुसऱ्या दिवशी संस्थेतून जावई परत आले ते सरळ माझ्यासमोर येऊन बसले. चूक सापडली होती. ती इतकी घरगुती होती, की ती त्यांच्यासारखी माणसंच करू जाणोत.

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मायक्रोफोन, तारा, संगणक सगळं नीट चालतंय ना, हे बघावं लागतं. त्यासाठी एक ठरलेला आवाज वाजवून बघायचा. जावयांनी पहिल्याच दिवशी हाताशी होता तो आवाज घेतला, भोंगाचं गाणं. यंत्राकडून 'योग्य' असं उत्तर आलं की समजायचं, सगळं ठीक आहे, म्हणून त्या आवाजावर 'योग्य' असा शेरा मारून ठेवलेला. आणि हा रोजचा तपासणीचा आवाज आपोआप बाकीच्या मुलांच्या आवाजांत जाऊन साठत राहिला. तीन वर्षं. रोज. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तपासणी रोज पास होत होती.

मला शाळेच्या भाषेत लगेच कळलं. एकच मुलगी रोज वर्गातल्या सगळ्यांच्या नावावर "हजर" म्हणत होती, आणि वर्षाच्या शेवटी बाईंना वाटलं, वर्ग म्हणजे हीच.

"म्हणजे यंत्र गळा ओळखत नाहीये," मी म्हटलं.

"भोंगाला ओळखतंय. जे तिच्यासारखं, ते चांगलं. जितकं वेगळं तितके गुण कमी. म्हणून ती खालची पोर तळाला गेली. तिच्यासारखा दुसरा आवाजच नाही." ते डोकं धरून बसले. "संचालकबाई म्हणाल्या होत्या, यंत्राला नाती कळत नाहीत. त्याला एकच नातं कळत होतं."

"मग सांगून टाका."

"सांगितलं. बाई म्हणतात, तुम्ही फार विनयशील आहात. बाप आहात म्हणून शंका घेताय. विश्वस्त खूश आहेत, वर्तमानपत्रात यायचंय, आता खोट काढू नका. ड्रिलचं सांगितलं तर म्हणाल्या, वैज्ञानिकाने इतकं हळवं असू नये."

"मग?"

"सोमवारी विश्वस्तांपुढे निवड पक्की व्हायची आहे. तिथे भोंगाला गायला लावायचं. मास्तरांसमोर, सगळ्यांसमोर. ऐकलं की कळेलच." एवढं बोलून त्यांनी भोंगाच्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आई, यंत्र गेलं तर पुन्हा करता येईल. पण ही गायची थांबली तर?"

त्यावर मुलीने आधी कडाडून विरोध केला. "स्वतःच्या पोरीला चारचौघांत नापास करायला नेणारा बाप मी पहिल्यांदा बघतेय. दुसरा काही मार्ग काढ. तुझे ते आलेख दाखव."

"आलेख दाखवले. बाईंना आलेख आवडले. त्या ते यंत्राच्या पुस्तिकेत छापणार आहेत."

मुलीने हातातले दवाखान्याचे मोजे काढून ठेवले. "मग तिला विचार. फसवून नेलंस तर तुझे उरलेले दात मी भूल न देता काढीन."

जावयांनी भोंगाला समोर बसवून सगळं सांगितलं. मी भाजी निवडत होते. उठून जावं असं वाटलं, पण निवडतच राहिले. त्यांनी काही गोड केलं नाही. यंत्र कसं चुकलं, तिला शहाण्णव का मिळाले, मैत्रिणीला एकतीस का, सगळं. भोंगा पायातला मोजा ओढत ऐकत होती. तिच्या नाकपुड्या फुलल्या.

"म्हणजे मी पहिली नाही."

"नाही."

"मग कितवी?"

"माहीत नाही. खरं यंत्र अजून बनायचंय."

"तुला काय वाटतं?"

मी मनात म्हटलं, मोठ्ठा संशोधक आहेस, दे आता उत्तर.

"तुला सूर लागत नाही, राणी," ते म्हणाले. "अजून तरी नाही."

भोंगा उठून खोलीत गेली. दार आपटलं. नेहमी त्यानंतर गाणं सुरू व्हायचं. या वेळी झालं नाही. पुढचे दोन दिवस घरात गाणं नव्हतं. दात घासल्याचा आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला. जावई बंद दाराकडे असे बघायचे, जणू आतली शांतता त्यांना मोजता येत नव्हती म्हणून त्रास होत होता. शेजारच्या काकू विचारून गेल्या, "बरं नाहीये का तिला?"

रविवारी संध्याकाळी भोंगा खाली गेली आणि बऱ्याच वेळाने वर आली.

"बाबा, उद्या तीपण येणार. मी तिला सांगितलं. माझ्यानंतर ती गाणार."

"चालेल."

"आणि बाबा, मी मुद्दाम वाईट गायचं का?"

जावयांनी तिला जवळ ओढलं. "नको. नेहमीसारखं गा. जितकं चांगलं येतं तितकं."

"मग तसं सांग ना आधी," भोंगा म्हणाली. "मी खाली वाईटाची प्रॅक्टिस करत बसले होते."

सोमवारी आम्ही सगळे बसने गेलो. मुलीचे पेशंट होते म्हणून ती तेवढी नव्हती. वायरमन कामावरून थेट आला, कमरेला पक्कड तशीच. संगीतशाळेच्या दिवाणखान्यात लांब टेबल, पलीकडे विश्वस्त, मधे संचालकबाई, कडेला मफलरात मास्तर. भिंतीवर मोठा पडदा. मायक्रोफोन सरळ उभा.

जावयांनी दोन वाक्यांत सांगितलं, की यंत्रात चूक आहे आणि ती ऐकून कळेल. संचालकबाई विश्वस्तांकडे बघून हसल्या, "हे फार विनयशील आहेत."

भोंगाने घसा साफ केला आणि सुरुवात केली. चांगलं गायचं ठरवून आली होती, त्यामुळे आणखीच मोठ्याने. पहिल्या ओळीला एका विश्वस्तांचा पेन खाली पडला. ते वाकून तो शोधत राहिले, आणि पहिलं कडवं संपलं तरी वर आले नाहीत. मास्तरांचे डोळे टक्क उघडे होते. पडद्यावर आकडा चढत होता, नव्वद, चौऱ्याण्णव, शहाण्णव. टेबलापलीकडची माणसं एकदा पडद्याकडे बघायची, एकदा पोरीकडे, आणि मग एकमेकांकडे बघायचं टाळायची.

मी जावयांकडे बघितलं. मला वाटलं होतं, ते मान खाली घालतील. ते तिच्याकडेच बघत होते. तिच्या प्रत्येक ओळीबरोबर ओठ हलवत होते.

दुसऱ्या कडव्यानंतर विश्वस्तांच्या अध्यक्षांनी हात वर केला. "पुरे बाळ, पुरे. कळलं आम्हाला."

"अजून दोन आहेत," भोंगा म्हणाली.

"गरज नाही."

"पण गाणं चार कडव्यांचं आहे."

अध्यक्षांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर मफलर सारखा करत म्हणाले, "गाऊ द्या. अर्धवट गाणं वाईट." भोंगाने उरलेली दोन्ही कडवी सावकाश, न गाळता म्हटली. शेवटी आकडा अठ्ठ्याण्णव.

मग वायरमनची लेक उभी राहिली. तिच्या पहिल्याच स्वराला खाली वाकलेले विश्वस्त टेबलाच्या कडेवरून वर आले, पेन न घेताच. आकडा एकतिसावर गेला आणि तिथेच बसला. तो कोणी बघत नव्हतं. मास्तरांनी डोळे मिटले, आणि त्या दिवशी ते झोपलेले नाहीत याबद्दल माझी खात्री आहे. संचालकबाई हातातली पुस्तिका उलटसुलट करत राहिल्या.

पुढचं सगळं भरभर झालं. यंत्र मागे घेतलं. सगळ्या मुलांना मास्तर पुन्हा ऐकणार. म्हणजे मफलर परत आला, आणि तक्रारी परत येणार. वायरमनच्या लेकीला मास्तरांनी तिथल्या तिथे घेतलं. जावयांची तीन वर्षं गेली. संचालकबाई त्यांना जिन्यात म्हणाल्या, "हे तुम्ही मला नीट समजावून सांगायला हवं होतं." भोंगाला मास्तरांनी जवळ बोलावलं. पुढच्या वर्षी बघू, असं या वेळी ते म्हणाले नाहीत. "बाळ, माझ्याकडे नको," एवढंच म्हणाले. नमस्कार करून ती बाहेर आली.

वायरमन आणि त्याची लेक मास्तरांशी बोलायला मागे थांबले. आम्ही तिघं परतीच्या बसमध्ये चढलो. भोंगा खिडकीशी, मधे जावई, कडेला मी. बस भरलेली होती. भोंगा काच पुसत बाहेर बघत होती. जावयांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. दाढ काढायला बसलेल्या माणसासारखे दिसत होते. मला त्यांची दया आली, पण मी काही बोलले नाही. वर्गातही असं बोलून मी पुष्कळ क्षण नासवले आहेत.

दोन थांबे गेले.

"बाबा," भोंगा म्हणाली, "तिसऱ्या कडव्यात मी एक ओळ विसरले. दुसरीच कुठलीतरी म्हटली. कोणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या आलं."

"बाकी कोणाच्या?"

"नाही."

"बघ," ती म्हणाली. "पण ते बरोबर व्हायला पाहिजे."

आणि तिने तिसरं कडवं पहिल्यापासून घेतलं. भर बसमध्ये, पूर्ण आवाजात, सुराच्या शेजारून. कंडक्टरने तिकिटं फाडायची थांबवली. पुढच्या बाकावरच्या बाईंच्या मांडीवर झोपलेलं मूल जागं झालं. जावयांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, आणि रुमाल हातातच ठेवून ऐकत बसले.

पुढच्या थांब्यावर दोन माणसं घाईघाईने उतरली.

"त्यांचा थांबा असेल," जावई म्हणाले.